बंबवाल्यांच्या घरातली आग मालिकेत दाखवतात तशीच असते का?

प्रश्न : मागे घरच्यांसोबत 'अग्नी' सिनेमा पाहिला. त्यानंतर पोरानं मोबाइलवर आगीच्या बंबावर काम करणाऱ्या लोकांची एक अमेरिकन मालिका लावून दिली, न्यूयॉर्कची. पाहतो तर काय, आग कमी अन् भानगडीच जास्त! नायकाची बायको सोडून गेलेली, तो दारूत बुडालेला, साहेबाशी कोणाचं पटत नाही, अन् मेलेला चुलतभाऊ येऊन त्याच्याशी गप्पा मारतो. खरंच या लोकांची जिंदगी अशी असते, का हा सिरियलवाल्यांचा मसाला? आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे गाडीवर जाणाऱ्या पोरांचंही असंच असेल का? आणि मराठीत अशी मालिका कोणी का काढत नाही?
— एक वाचक, पांढुर्णा

उत्तर : भाऊ, एका पत्रात तीन प्रश्न घातलेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या गावचे आहेत. पहिल्याचं उत्तर आधी देतो. दुखणं खरं आहे, मालिकेत दाखवलेली त्याची कारणं मात्र बरीचशी बनावट आहेत.

मेलेल्या चुलतभावाचा उल्लेख केलात म्हणून ओळख पटली. ती मालिका 'रेस्क्यू मी'. 2004 ते 2011 अशी सात वर्षं ती अमेरिकेत चालली. नायक टॉमी गॅविन, आणि ते काम केलं डेनिस लिअरी या नटाने. मालिका उभी करणाऱ्या दोघांपैकीही तो एक. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले तेव्हा तिथल्या अग्निशमन दलाची 343 माणसं एका सकाळीत गेली. मालिकेतला चुलतभाऊ जिमी त्यांच्यातलाच एक दाखवलाय, आणि टॉमी जगला याचीच टॉमीला बोचणी आहे. तुम्हाला जो मसाला वाटला, तिथेच मालिका सगळ्यात जास्त खरी आहे.

लिअरीला हे सुचलं ते हवेतून नाही. 3 डिसेंबर 1999 ला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आत बेघर माणसं राहतात असं कळलं, म्हणून दोन जवान त्यांना शोधायला शिरले आणि धुरात वाट चुकले. त्यांना शोधायला आणखी चार गेले. सहाही परतले नाहीत. बेघर माणसं आधीच बाहेर पडून निघून गेली होती, आत कोणीच नव्हतं. त्या सहांत लिअरीचा चुलतभाऊ होता. पुढच्याच वर्षी लिअरीने अग्निशमन जवानांसाठी साहित्य आणि प्रशिक्षणाला पैसा उभारणारी संस्था काढली, आणि चार वर्षांनी ही मालिका. आता जिमीचं भूत परत पाहा, वेगळं दिसेल.

मग बनावट काय? सगळ्यात आधी धूर. पडद्यावर ज्वाळा नारिंगी दिसतात, खोली उजळलेली असते, आणि नायक मुखवटा काढून मोठ्याने हाका मारतो. खऱ्या आगीत खोली काळी असते. स्वतःचा हात दिसत नाही. जवान भिंतीला हात लावून, गुडघ्यावर रांगत, पाण्याची नळी हाच परतीचा रस्ता समजून पुढे सरकतो. अंगावर पोशाख आणि हवेची टाकी धरून 20 ते 25 किलोचं ओझं. छताजवळची उष्णता 600 अंश सेल्सियसच्या आसपास पोचली की खोलीतलं सामान एकाच वेळी पेट घेतं, आणि मग तिथे कोणी वाचत नाही. अशा वेळी मुखवटा काढणारा माणूस दोन-चार श्वासांत पडेल. पण मुखवटा घातला तर नटाचा चेहरा दिसत नाही, आणि नटाला पैसे चेहऱ्याचे मिळतात! हा खोटेपणा मी माफ करतो. काळा पडदा तासभर कोण बघणार?

माफ न करण्यासारखं दुसरं आहे. मालिकेत दर भागात एक जीव वाचतो. मूल कडेवर घेऊन जवान धुरातून बाहेर येतो, आई धावते, संगीत वाढतं. प्रत्यक्षात जवानाच्या वाट्याला येतं ते बहुतेक वेळा उरलेलं: राख, भिजलेलं धान्य, आणि ज्यांना वाचवता आलं नाही ती माणसं. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. 10 बाळं गेली, काही वाचवता आली. त्या धुरात शिरलेल्या कोणाही माणसाला वाचलेली बाळं आठवतील की गेलेली, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. पहाटे घरी जाऊन तो बायकोला काय सांगणार? बरेचजण काहीच सांगत नाहीत. घरात अबोला शिरतो तो इथून. लफड्यातून नव्हे.

शरीराचंही तसंच. 2007 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे ड्यूटीवर मरणाऱ्या अग्निशमन जवानांपैकी सुमारे 45 टक्के हृदयविकाराने जातात, ज्वाळांनी नव्हे. त्यातही गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांच्या नोकरीचा 1 ते 5 टक्केच वेळ जातो. पण हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी 32 टक्के त्याच वेळात होतात. झोपेतून घंटेने उठायचं, मिनिटाभरात गाडीत बसायचं, पाच मिनिटांत वीस किलो पाठीवर घेऊन जिने चढायचे. हृदयाला एवढी घाई सोसत नाही. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर हा व्यवसायच कर्करोगकारक ठरवून पहिल्या गटात टाकला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, त्याच. न्यूयॉर्कमध्ये मनोऱ्यांच्या धुळीने पुढे आजारी पडून गेलेल्या जवानांची संख्याही सप्टेंबर 2023 पर्यंत 343 ला पोचली. मालिकेला हे जमत नाही, कारण बावीस वर्षांनी खोकून मरणारा नायक दर आठवड्याला दाखवता येत नाही.

बाकीच्या मालिकांबद्दल थोडक्यात. इंग्लंडची 'लंडन्स बर्निंग' मला जास्त आवडते. जॅक रोझेन्थल या लेखकाने 1986 मध्ये आधी दूरदर्शनपट लिहिला, आणि 1988 ते 2002 पर्यंत त्याची मालिका चालली. त्यात स्टेशनातलं बसून राहणं आहे: चहा, स्वयंपाकघर, एकमेकांची टिंगल, आणि मध्येच घंटा. या नोकरीचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो हे त्या लेखकाला कळलं होतं. 2012 पासून चालू असलेली 'शिकागो फायर' चकचकीत आहे, आणि 2018 ते 2024 ची 'स्टेशन 19' तर डॉक्टरांच्या प्रेमप्रकरणांच्या मालिकेतून फुटलेली फांदी, तेव्हा तिच्यात कोण कोणाच्या प्रेमात आहे याचा हिशेब ठेवता ठेवता आग विझूनही जाते. पोराला सांगा, लावायचीच असेल तर जुनी इंग्रजांची लाव.

आता तुम्ही पाहिलेला 'अग्नी'. राहुल ढोलकियांचा हा चित्रपट 6 डिसेंबर 2024 ला थेट ओटीटीवर आला. प्रतीक गांधी मुंबईच्या अग्निशमन दलातला विठ्ठल, दिव्येंदू त्याचा पोलिस मेहुणा समित, सई ताम्हणकर विठ्ठलची बायको. सोबत सैयामी खेर आणि जितेंद्र जोशी. आगी कोण लावतंय याचा तपास हा कथेचा सांगाडा, आणि तो मला सैल वाटला. पण त्यात एक गोष्ट फार नेमकी पकडली आहे. विठ्ठलच्या मुलाला कौतुक आहे ते पोलिस मामाचं, बापाचं नव्हे. पोलिसाकडे दरारा, पदकं, वर्तमानपत्रात फोटो. बापाच्या अंगाला धुराचा वास. एका खाकीला सलाम आणि दुसऱ्या खाकीला 'उशिरा का आलात?' हा फरक आपल्याकडचा आहे. अमेरिकेत बंबवाला पोरांचा लाडका नायक असतो, आपल्याकडे तो नगरपालिकेचा कर्मचारी असतो. म्हणून अमेरिकन मालिकेतलं दुःख जसंच्या तसं इकडे लागू होत नाही. तिथला नायक लोकांच्या अपेक्षांखाली दबतो, इथला लोकांच्या विसराळूपणाखाली.

मुंबईचंच घ्या. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं, आणि जवळच कापसाच्या गाठी. कापूस कसा आतल्या आत धुमसतो हे तुमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पाणी मारत उभे असलेले अग्निशमन दलाचे 66 जण गेले. 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो तो या 66 जणांसाठी. त्या तारखेला आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते, आठवायलाच हवी. पण हेही त्याच दिवशी आहे, हे किती जणांना माहीत?

त्यानंतर काळबादेवी. 9 मे 2015 ला जुन्या हनुमान गल्लीतल्या गोकुळ निवास या इमारतीला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढलं होतं, विझवण्याचं काम चालू होतं, आणि इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्याच महिन्यात उपचार चालू असताना गेले. दलाचा प्रमुख स्वतः आत होता, ही गोष्ट लक्षात घ्या. 'साहेबाशी कोणाचं पटत नाही' हे मालिकेत ठीक आहे. या खात्यात साहेबही नळीच्या टोकाशी उभा असतो, त्यामुळे साहेब-शिपाई भांडणाची जातच निराळी असते. भांडण असतं ते बहुधा खात्याच्या बाहेरच्या साहेबाशी: ज्याच्या टेबलावर नव्या हवेच्या टाक्यांची, नव्या बुटांची फाइल पडून आहे त्याच्याशी.

तुमचा दुसरा प्रश्न, पांढुर्णा-सौंसरचा. मला खरं तर याच्यावरच लिहायचं होतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याची पाटी लागली, कलेक्टर आला. पण आग विझवणं हे जिल्ह्याचं काम नाहीच मुळी. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली, तिच्यात अग्निशमन सेवा शहरांच्या कामांच्या यादीत आहे. म्हणजे रस्ते, पाणीपुरवठा, साफसफाई, आणि त्याच रांगेत बंब. मध्य प्रदेशात ही सेवा बहुतांशी नगरपालिका-नगरपरिषदांच्या हाती राहत आली. न्यूयॉर्कच्या मालिकेत स्वतंत्र दल आहे, त्याचा गणवेश आहे, त्याची परंपरा आहे. लहान गावच्या पालिकेत मात्र अनेकदा एक ड्रायव्हर असतो, दोन-तीन हेल्पर असतात, त्यांतले काही रोजंदारीवर किंवा कंत्राटावर, आणि गाडी इतर कामांनाही जुंपलेली. मंत्र्याचं हेलिकॉप्टर उतरायचं तर हेलिपॅडवर बंब उभा हवाच. जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळा धुवायला गाडी हवी. उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली की नजर पुन्हा त्याच गाडीवर.

आता हिशेब करू. केंद्राच्या अग्निशमन सल्लागार परिषदेचा जुना निकष आहे, साधारण 50 हजार लोकसंख्येमागे एक गाडी. 2011 च्या जनगणनेत पांढुर्णा शहर 45 हजारांच्या आसपास. म्हणजे कागदावर एक गाडी पुरली! पण त्या हिशेबात आसपासची खेडी धरलेली नाहीत, आणि आगी लागतात त्या बहुतेक खेड्यांतच. मार्च-एप्रिलात उभा गहू, तारा एकमेकींना घासून पडलेली ठिणगी, नरवाई (पीक काढल्यावर उरलेली धसकटं) जाळताना शेजारच्या वावरात गेलेली आग, गोठ्यातलं कुटार, अंगणात रचलेला कापूस, संत्र्याच्या बगिच्यातलं वाळलेलं गवत. संत्र्याचं झाड नुसतं भाजलं तरी सात-आठ वर्षांची मेहनत गेली. जंगलाच्या कडेला मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तीही आग कधी वर सरकते. पण ती वनखात्याची, म्हणजे तिथे पुन्हा कोणाची गाडी, कोणाची हद्द, हा घोळ.

गाडीच्या पोटात किती पाणी असतं? साधारण बंबात 4,500 लिटर. एका नळीने मिनिटाला 400 ते 500 लिटर जातं. दहा मिनिटं झाली की टाकी रिकामी. शहरात भरायची सोय जवळ असते. खेड्यात विहीर शोधा, मोटर चालू करा, लाइट आहे का बघा. आग लागल्यावर लाइट तोडावीच लागते, मग मोटर कशी चालणार? गाडी पाणी भरायला वळली की गर्दीतून पहिलं वाक्य येतं: 'रिकामीच गाडी आणली सायाच्यानं!' कधी दगड येतो, कधी कोणी ड्रायव्हरची कॉलर धरतो. आपल्याकडच्या मालिकेचं पहिलं दृश्य लिहायला सांगितलं तर मी इथून सुरुवात करीन. ज्वाळेपासून नाही.

आणि आणखी एक फरक, जो न्यूयॉर्कच्या टॉमी गॅविनच्या वाट्याला क्वचितच येतो. तिथला जवान अनोळखी माणसाच्या घरात शिरतो. पांढुर्ण्यात, सौंसरात, लोधीखेड्यात जळणारं घर बहुतेक वेळा ओळखीचं असतं. शाळेत सोबत असलेल्याचं, मावसबहिणीच्या सासरचं, नाहीतर ज्याच्याकडून बियाणं उधार आणलं त्याचं. जळालं ते आठवड्याच्या बाजारात दर वेळी डोळ्यांसमोर येतं. 'तुम्ही दहा मिनिटं आधी आले असते तर' हे वाक्य तिथल्या जवानाला एकदा ऐकावं लागतं, इथल्याला वर्षभर, तेही चहाच्या टपरीवर. अनोळखी माणसाचं दुःख ड्यूटी संपली की थोडं मागे राहतं. शेजाऱ्याचं कुठे ठेवणार?

आग गावात किती वेगाने माणसं नेते याचं उदाहरण तुमच्या जुन्या जिल्ह्यातच आहे. एप्रिल 2017 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या हर्रई भागात, बारगी गावी, रेशनचं रॉकेल वाटप चालू असताना आग लागली आणि दहाहून जास्त माणसं होरपळून गेली. अशा ठिकाणी बंब पोचेपर्यंत सगळं झालेलं असतं. पोचणाऱ्यांचं काम मग वाचवण्याचं उरत नाही, मोजण्याचं उरतं. राजधानीची स्थितीही फार वेगळी नाही: 12 जून 2023 ला भोपाळात सरकारी कार्यालयांचं सातपुडा भवन दुपारी पेटलं ते रात्रभर जळत राहिलं. 6 फेब्रुवारी 2024 ला हरद्याचा फटाका कारखाना उडाला तेव्हा आजूबाजूच्या जिल्ह्यांतून गाड्या मागवाव्या लागल्या.

सौंसरची बाजू थोडी बरी म्हणावी लागेल. बोरगावच्या औद्योगिक भागात रेमंडसारखे मोठे कारखाने आहेत, आणि मोठ्या कारखान्याला आगीची स्वतःची व्यवस्था ठेवावीच लागते. अडल्या वेळी पालिका कारखान्याची गाडी मागते, ही पद्धत देशात सगळीकडे आहे. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. पांढुर्ण्याहून वरूड आणि नरखेड ही गावं छिंदवाड्यापेक्षा जवळ. मधे रेषा आहे ती राज्याची. आगीला रेषा दिसत नाही, फोन करणाऱ्यालाही ती आठवायची गरज पडू नये. दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या पालिकांनी आपसात लेखी ठरवून ठेवलं, की अमुक गावाला आधी अमुक गाडी निघेल, तर त्यात कोणाच्या अस्मितेला धक्का लागत नाही.

तुमच्याकडच्या पोरांना या क्षेत्रात रीतसर यायचं असेल तर दारातच सोय आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातले अधिकारी तिथे शिकून जातात. सौंसरहून नागपूर दोन तासांच्या आत, पांढुर्ण्याहून थेट रेल्वे. याच महाविद्यालयात 2002 मध्ये नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला. पूर्ण कॉलेजात त्या एकट्याच मुलगी होत्या. 2006 मध्ये त्या बाहेर पडल्या आणि तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळात अग्निशमन अधिकारी झाल्या. देशातली पहिली महिला अग्निशमन जवान म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ही गोष्ट कोणी पडद्यावर आणली तर तिला भुताची गरज पडणार नाही.

यावरून तिसरा प्रश्न. मराठीत अशी मालिका का नाही?

कारण सरळ आहे, खर्च. आपली रोजची मालिका एका वाड्यात, एका दिवाणखान्यात, जास्तीत जास्त देवघर आणि स्वयंपाकघर धरून चालते. आठवड्याला सहा भाग द्यायचे, तर प्रत्येक भागात इमारत कोण पेटवणार? गाडी, गणवेश, पाणी, परवानग्या, सुरक्षेची माणसं. त्यापेक्षा सासू-सून स्वस्त. हिंदीतही ओटीटी आल्यावरच थोडं धाडस झालं. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातल्या 13 जून 1997 च्या आगीत 59 माणसं गेली, तिच्यावर 2023 मध्ये 'ट्रायल बाय फायर' ही मालिका आली, आणि त्यात मराठी अभिनेत्री राजश्री देशपांडे यांनी पोरं गमावलेल्या आईचं काम फार संयमाने केलं. पण ती गोष्ट न्यायासाठी झगडणाऱ्या आईबापांची. बंबवाल्याची नव्हे.

खर्चाचं कारण मला अर्धंच पटतं, हेही सांगतो. वर म्हटलं तसं, या नोकरीत आग फार थोडा वेळ असते. मग मालिकेतही ती थोडीच लागेल. उरलेला वेळ घरातच जातो, आणि घर तर मराठी मालिकांना उत्तम जमतं. दिवाळी घ्या. सगळं गाव लक्ष्मीपूजनाला बसलेलं असताना या माणसाच्या रजा रद्द, कारण फटाक्यांमुळे ती वर्षातली सगळ्यात धावपळीची रात्र. होळीला तेच. बायको एकटी दिवे लावते, पोरगं विचारतं बाबा कधी येणार. कंत्राट संपलं की पगार थांबतो. ज्यांना सरकारी क्वार्टर मिळालं आहे, त्यांना निवृत्ती जवळ आली की घर शोधायची धास्ती. घरधनी ड्यूटीवर गेलाच, तर क्वार्टर किती दिवसांत सोडावं लागेल हा प्रश्न तेराव्याच्या आतच दारात येतो. यात कुठे खर्च आहे? एक खोली, एक टेलिफोन, आणि रात्री दोनला वाजणारी घंटा. लेखक पाहिजे.

आणि नजर पाहिजे. पांढुर्ण्यात कॅमेरे येत नाहीत असं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठावर गोटमार सुरू झाली की देशभरातून येतात. पांढुर्णा विरुद्ध सावरगाव, मधे पळसाचं झाड, वरून दगडांचा पाऊस, शेकडो जखमी. संध्याकाळच्या बातम्यांत तेवढं दाखवून गाड्या परत. वर्षाचे बाकी दिवस याच गावात कोण कशाला तोंड देतं, हे पाहायला एकही कॅमेरा थांबत नाही. मुंबईच्या लेखकाला तर पांढुर्ण्यात मराठी बोलतात हेच सांगावं लागतं, तो इथल्या फायरमनची गोष्ट कुठून लिहिणार? ती इथल्याच कोणी लिहावी लागेल. तुमच्या पत्रातली भाषा पाहता तुम्हीच का नाही?

तोवर एक करा. दर वर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. त्या आठवड्यात पोराला घेऊन पालिकेच्या गाडीपाशी जा. ड्रायव्हरला विचारा, पगार वेळेवर होतो का, पायातले बूट कोणी दिले, हवेची टाकी आहे का आणि ती भरलेली आहे का. उत्तरं नगरसेवकाला कळवा, नावानिशी नको, नोकरी त्यांची जाईल. आणि स्वतःच्या गावासाठी: 101 लावताना गावाचं नाव, जवळचं ओळखीचं ठिकाण आणि गाडी आत येईल एवढा रस्ता कोणता, हे आधी सांगा. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर बाजूला घ्या. कोणती विहीर भरलेली आहे आणि लाइट नसताना चालणारं डिझेल इंजिन कोणाकडे आहे, हे फाल्गुनातच ठरवून ठेवा. गाडीतलं पाणी दहाच मिनिटं पुरतं.